शेवयांचे दोन खोके

आकोंगना, म्हणजे आजोबांना, जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांचा जेवणाचा वेग काही वाढला नव्हता. जिवंतपणी वाडगाभर भाताला ते दीड तास घेत. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा असं जपान्यांच्या शाळेत त्यांना शिकवलं होतं. जपानी निघून गेले, शाळेचं नाव तीनदा बदललं, तरी आकोंगनी घास मोजणं सोडलं नाही. आता पुण्यतिथीला ताटं मांडून, उदबत्त्या लावून ‘जेवण झालं का?’ म्हणून विचारलं, की पोएंचं, म्हणजे कौल लावायच्या लाकडी तुकड्यांचं, उत्तर ठरलेलं असायचं: नाही. दहा मिनिटांनी पुन्हा विचारा, तरी नाही. गेल्या वर्षी अकरा वेळा नाही म्हणाले, आणि तोवर सगळ्या घराच्या पोटात कावळे ओरडत होते.

यंदा मात्र कुणालाच घाई नव्हती. यंदा त्यांना जेवणाखेरीज आणखी एक गोष्ट विचारायची होती, आणि ती नीट विचारली जावी म्हणून आको, म्हणजे आकोंगची मुलगी आणि आपांची थोरली बहीण, तैचुंगहून सकाळी नऊलाच येऊन दाखल झाली होती. गोष्ट आपांच्या मुलीच्या, पेइ-रुंगच्या, नोकरीची होती. पेइ-रुंगला स्वतःला अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

ती चौथ्या मजल्यावर, देवघरात, डुकराच्या पायांच्या रश्श्यातल्या शेवयांचं पातेलं घेऊन चढली तेव्हा सगळे जमलेच होते. रस्त्यालगतच्या पहिल्या मजल्यावर शेवयांचं दुकान, मधल्या दोन मजल्यांवर माणसं, आणि सर्वांत वर पितर. ज्यांना जिने चढायचे नाहीत त्यांना वर ठेवायची ही सोय आकोंगनीच केलेली होती.

चौतीस वर्षांची पेइ-रुंग गावच्या नोंदणी कार्यालयात होती. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच खिडकी क्रमांक चारच्या मागे बसून ती जन्म, लग्न, मृत्यू आणि ज्योतिषाच्या सल्ल्यानं बदललेली नावं टिपून घेई. पहाटे साडेचार ते सात ती चित्रकथा लिही. चित्रं काओशुंगचा आ-खाई काढी. त्यांच्या मालिकेत मेलेली माणसं पाताळातल्या नोंदणी कार्यालयासमोर रांग लावत आणि तिथली कारकून बाई कागदपत्रं अपुरी म्हणून त्यांना परत पाठवी. सहा वर्षांपूर्वी महिन्याला एक भाग निघे, आणि तो मुख्यतः आ-खाईची आई वाचे. आता दर भागाला दोन लाख वाचक होते. जेवणाच्या सुट्टीत पेइ-रुंग कार्यालयाच्या जिन्यात बसून संवाद दुरुस्त करी. एकदा एका बाईच्या लग्नाच्या नोंदीत तिनं नवऱ्याच्या जागी एका भुताचं नाव टंकलं होतं. बाईनं ते वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं.

तर ही मालिका आता दर आठवड्याला हवी, असं संपादक बाईंनी कळवलं होतं. हो की नाही ते आज, शनिवारी, दुपारी तीनपर्यंत. हो म्हणायचं तर नोकरी सोडायला हवी, कारण दोन्ही होणार नव्हतं. राजीनामा लिहून तयार होता. नऊ दिवस तो तिच्या पिशवीत होता आणि त्याच्या घड्या आता मऊ पडल्या होत्या.

“मी विचारते,” आको म्हणाली. चाळीस वर्षं तिनं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं आणि प्रश्नपत्रिका काढायची तिला सवय होती. तिनं पर्समधून चक्क कागद काढला, साखळीला लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि लाल रंगाचे दोन लाकडी चंद्रकोरी तुकडे, पोए, ओंजळीत घेतले. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर होकार. दोन्ही फुगीर म्हणजे नकार. दोन्ही सपाट म्हणजे पितर हसले, प्रश्न नीट करून आणा.

“आकोंग, मी सिऊ-ग्योक,” ती वाचू लागली. आकोंग तिचे वडील, पण नातवंडं झाल्यापासून सगळं घरच त्यांना आकोंग म्हणे. “घर तेच, पत्ता तोच. तुमची नात पेइ-रुंग तीनदा परीक्षेला बसली, दोन वर्षं शिकवणीला गेली, आणि सरकारी नोकरीत लागली. ती नोकरी सोडून आता ही भुताखेतांच्या चित्रकथा लिहिणार म्हणते. हे चुकीचं आहे, असं तुम्हालाही वाटतं ना?”

“प्रश्नातच उत्तर आहे, आको,” पेइ-रुंगचा धाकटा भाऊ आ-हुंग म्हणाला. तो आणि त्याची बायको मेइ-छी शिन्चूहून पहाटे निघून आले होते.

“चांगल्या प्रश्नात असतंच,” आको म्हणाली आणि तिनं पोए टाकले.

दोन्ही सपाट.

“हसले,” मेइ-छी म्हणाली.

“हसण्यासारखं काय आहे यात?”

“भुताखेतांच्या म्हणालात,” आबू टेबलाची कड पुसत म्हणाली. आबू म्हणजे पेइ-रुंगची आई. बोलायची थोडं, पण वेळ बघून. “त्यांच्याच तोंडावर.”

आकोनं चष्मा काढला. तो छातीवर मण्यांच्या साखळीला लोंबकळत राहिला. “मी असलं काही वाचत नाही,” ती पेइ-रुंगला म्हणाली. “पण बत्तिसाव्या भागातली ती मेलेली मुख्याध्यापिका कोण, तेवढं सांग मला. ती चष्म्याला मण्यांची साखळी लावते. आणि रांगेतल्या सगळ्यांचं शुद्धलेखन तपासते.”

सगळ्यांनी साखळीकडे न पाहण्याचा फार प्रयत्न केला.

“काल्पनिक आहे ती, आको.”

“हो का?”

“वाचकांना फार आवडली. अजून पत्रं येतात तिच्यासाठी.”

“आवडली?” आकोचा हात साखळीकडे गेला. “मग पुन्हा आणली का नाहीस तिला? एकोणचाळीसमध्ये मी… एकोणचाळीसमध्ये चांगली संधी होती.”

आ-हुंगनं वेळ वाया घालवला नाही. त्यानं पोए उचलले. गेले दोन महिने तो आपल्या आचीला, थोरल्या बहिणीला, रोज संदेश पाठवत होता: सोड आची, सोड, आयुष्य एकदाच मिळतं. या घरात आपल्या बाजूनं हा एकटाच उभा आहे, असं पेइ-रुंगला वाटत आलं होतं.

“आकोंग, मी आ-हुंग,” तो म्हणाला. “आचीनं नोकरी सोडावी. तिच्यात गुण आहेत. आणि हे काम घरी बसून होतं. आपांचे गुडघे दुखतात, आबूला दर महिन्याला डोळे दाखवायला न्यावं लागतं, दुपारी दुकानात कुणी नसतं. आची घरीच असली की आम्हालाही तिकडं घोर नाही. तेव्हा हे सगळ्यांच्याच सोयीचं आहे ना?”

“थांब,” आको म्हणाली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. “मग ती लिहिणार कधी?”

“मधल्या वेळात.”

“कशाच्या मधल्या?”

“गुडघ्यांच्या आणि डोळ्यांच्या,” मेइ-छी म्हणाली. तिनं हे अगदी सरळ मनानं सांगितलं होतं. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती फळं रचायला वळली.

“सरकार निदान पाच वाजता घरी सोडतं,” आको म्हणाली. “तू तर हिला चोवीस तासांची नोकरी देतोयस. आणि तीही परीक्षेशिवाय!”

“पण घरी राहिली तर काय बिघडलं?” आबू म्हणाली. कालपर्यंत ती राजीनाम्याच्या साफ विरोधात होती. आत्ता तिच्या चेहऱ्यावर एक वेगळाच उजेड पडला होता. “मला तेवढीच सोबत. दुपारी दोघी मिळून भाजी निवडू.”

“भाजी!” आको म्हणाली. “दोन लाख लोक वाचतात तिला, आणि ती भाजी निवडणार?”

पाच मिनिटांत सगळे पक्ष बदलून मोकळे झाले. सोडू नको म्हणणारी आबू सोड म्हणू लागली, ती भाजीसाठी. सोडू नको म्हणायलाच आलेली आको आता कुणाला काय म्हणत होती ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. मालिका दर आठवड्याला लिहायला जमेल का, हे मात्र अजून कुणीच विचारलं नव्हतं.

खरं सांगायचं तर पेइ-रुंगला आकोंगचा नकार हवा होता. कार्यालयात अर्ज तपासून जीव विटला की ती मनाशी म्हणे, मी काही इथली नाही, मी लेखिका आहे. एखादा भाग पडला, वाचकांनी तोंडं वाकडी केली, की ती आ-खाईला म्हणे, मी दिवसभर नोकरी करते रे, आणखी किती होणार. सहा वर्षं हे छान चाललं होतं. नोकरी गेली तर भाग पडल्यावर सांगायला काहीच उरणार नव्हतं. लोक काय म्हणतील याची तिला भीती नव्हती. आपण पूर्ण वेळ दिला आणि तरी भाग बरा झालाच नाही तर, याची होती. आकोंग नको म्हणाले असते तर ती थोडी रडली असती आणि सोमवारी सुखानं खिडकी चारवर जाऊन बसली असती.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपा गप्प आहेत. आपा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. पीठ चांगलं आलं तरी ते पिठाशी बोलत. आज ते नैवेद्याच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्याला खेटून उभे होते आणि हलत नव्हते.

“आपा, जरा सरका. पातेलं ठेवायचंय.”

“उजवीकडे ठेव.”

“उजवीकडे मासा आहे.”

“मग हातात धर.”

ती त्यांच्या बगलेखालून वाकली. कोपऱ्यात त्यांच्याच दुकानाच्या शेवयांचे दोन खोके होते, लाल कागदाचे, सणावारी पाठवतात तसले. त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पण वरच्या खोक्यावर एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि ती पेइ-रुंगनं लांबूनही ओळखली. तसल्या चिठ्ठ्या तिनं स्वतः भरल्या होत्या. कुणा नागरिकानं कौतुकानं पेरूंची पिशवी आणून ठेवली की नियमाप्रमाणे तिची नोंद व्हायची आणि पिशवी परत जायची. चिठ्ठीवर खिडकी पाचच्या तांग बाईंचं गोल गोल अक्षर होतं. ‘वस्तू: हाताच्या शेवया, दोन खोके. देणारा: कर्मचाऱ्याचे वडील. कारण: मुलीनं राजीनामा आणल्यास तो घेऊ नये अशी विनंती. कार्यवाही: साभार परत.’

तारीख मंगळवारची होती.

म्हणजे मंगळवारपासून सगळ्या कार्यालयाला माहीत होतं. बुधवारी प्रमुख बाईंनी स्वतःच्या किटलीतला चहा तिला दिला होता आणि ‘घरी सगळं बरं ना?’ म्हणून विचारलं होतं. गुरुवारी निरोपाच्या जेवणाची यादी फिरत आली आणि तिच्या टेबलावरून उडी मारून पुढं गेली, तेव्हा आपल्याला वगळलं म्हणून ती दिवसभर कुढत बसली होती.

“आपा,” ती म्हणाली, “मी राजीनामा दिलाच नव्हता.”

“म्हणून तर गेलो. दिल्यावर जाऊन काय उपयोग?”

“मी तो लिहिलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

आपांनी आबूकडे पाहिलं. आबू माशाकडे पाहू लागली. “पिशवी धुवायला काढली होती,” ती म्हणाली.

“आणि प्रमुख बाईंना काय सांगितलंत?”

“काही नाही. तिनं आणला तर घेऊ नका, एवढंच. तर त्या म्हणाल्या, काय आणला तर?” आपांनी मान खाली घातली. “तेव्हा मला वाटलं, आपण जरा लवकर आलो.”

आ-हुंगला हसू फुटलं. मेइ-छीनं त्याला कोपरानं ढोसलं आणि मग तिलाच आवरेना. आको मटकन खुर्चीत बसली. “तिक-आ,” ती धाकट्या भावाला म्हणाली, “मी चाळीस वर्षं मुलं शिकवली. तुझ्याइतका सरळ मठ्ठ एकही पाहिला नाही.”

पेइ-रुंगला हसू आलं नाही. ती संतापली होती. “तुम्हाला माझ्याकडं यावंसं वाटलं नाही? मी तिसऱ्या मजल्यावर झोपते, आपा. कार्यालयात जाऊन त्या बाईंच्या पाया पडलात, तुम्हाला एक जिना चढवला नाही?”

“गुडघे,” आ-हुंग हळूच म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही.

“तुझ्याशी बोललो असतो तर तू ऐकवलं असतंस,” आपा म्हणाले. “तू शब्दांची माणूस. मला काय बोलता येतं?”

“पिठाशी येतं.”

“पीठ उलटून बोलत नाही.” आपांनी खोक्यावरची चिठ्ठी नखानं खरवडायचा प्रयत्न केला. ती सरकारी डिंकाची होती, निघाली नाही. “चौदाव्या वर्षापासून शेवया ओढतोय मी. उभ्यानं. आकोंगनी जन्मभर तेच केलं, त्यांच्या वडिलांनीही. या घरात बसून कुणी कमावलं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी बाजारात माल टाकायला जातो ना? तो रस्ता तुझ्या कार्यालयावरून जात नाही. मी वळसा घेतो. काचेतून दिसतेस तू. खुर्चीत, पाठ टेकून बसलेली. लोक समोर उभे, आणि माझी पोर बसलेली. मी थांबत नाही. गाडी नुसती हळू करतो, आणि जातो पुढं.”

पेइ-रुंगला राग धरून ठेवायचा होता, पण तो तिच्या हातून सुटला. तिचे डोळे भरून आले, आणि हातातलं पातेलं जड झालं तरी ते कुठं ठेवावं ते तिला सुचेना. शेवटी आबूनंच ते घेतलं.

“मला फार कंटाळा येतो तिथं, आपा,” ती म्हणाली.

“सहा वर्षं?”

“सहा वर्षं.”

“काचेतून तसं वाटलं नाही.”

“पाठ टेकलेली असली की नाही वाटत.”

आपांनी मान हलवली. एखादा पिठाचा गोळा चुकीच्या पाण्यानं मळला गेला हे दुपारी कळावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

पेइ-रुंगनं भावाच्या हातातून पोए घेतले. “नीट मांड प्रश्न,” आको म्हणाली, पण आवाज शाळेतला नव्हता.

“आकोंग, मी पेइ-रुंग. सोमवारी मी राजीनामा देतेय. दर आठवड्याला एक भाग लिहीन. जमेल की नाही माहीत नाही. मला भीती वाटते. तुम्हाला सांगायचं होतं.”

आकोनं थोडी वाट पाहिली. “हा प्रश्न नाही झाला.”

“नाही,” पेइ-रुंग म्हणाली. मग तिनं आकोंगच्या फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, “जेवण झालं का?”

पोए फरशीवर आपटले. एक सपाट, एक फुगीर.

“पहिल्या फटक्यात?” आबू वाकून बघू लागली. “कधी झालं असं?”

“पण मग हे उत्तर कशाचं धरायचं?” आ-हुंगनं विचारलं.

“जेवणाचं,” आको म्हणाली. “जेवढं विचारलं तेवढ्याचंच. आणि तू. एकाआड एक शनिवारी इथं यायचं. आपांना दवाखान्यात तू न्यायचंस. आबूचे डोळेही तुझ्याकडे.”

आ-हुंगनं तोंड उघडलं, तोवर मेइ-छीनं “हो आको” म्हणून टाकलं होतं.

गच्चीवर जाऊन त्यांनी पितरांचा पैसा म्हणून सोनेरी कागद जाळले, राखेभोवती दारूची धार धरली, आणि मग पातेली घेऊन सगळे जिना उतरू लागले. दुसऱ्या मजल्यावर आपा थांबले.

“घरी कुठं बसणार?”

“स्वयंपाकघरात. पहाटे तिथंच बसते ना. स्टूल आहे.”

“स्टूल?”

“सहा वर्षं चाललंय त्याच्यावर.”

“ते पहाटेचं होतं. आता दिवसाचं आहे.” आपा दोन पायऱ्या उतरले. “स्टुलाला पाठ नसते.”

एवढं बोलून ते खाली गेले, खिळ्यावरची किल्ली घेतली आणि स्कूटर बाहेर काढली. “अहो, जेवण!” आबू दारातून ओरडली. “आलोच,” आपा म्हणाले.

पन्नास मिनिटं झाली. सगळे दुकानामागच्या टेबलाभोवती बसून होते. रस्सा दोनदा गरम केला होता. आकोंगचं पहिल्या फटक्यात उरकलं होतं, आणि आता त्यांच्या मुलासाठी सगळं घर खोळंबलं होतं. आकोनं चष्मा पुसला, चढवला आणि कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाली, की त्या मुख्याध्यापिकेला परत आणायचंच असेल तर नुसतं शुद्धलेखन पुरणार नाही, तिला अंकगणितही यायला हवं. पेइ-रुंगनं ते खरंच टिपून घेतलं.

मग स्कूटरचा आवाज आला. मागच्या सीटवर दोरीनं उभी आडवी बांधलेली काळी खुर्ची होती. खाली चाकं, दोन्ही बाजूंना हात, उंच पाठ.

“ही तर…” पेइ-रुंग म्हणाली.

“नोंदणी कार्यालयात आहे तशीच द्या म्हटलं,” आपा दोरी सोडत म्हणाले. “दुकानदारानं तीन दाखवल्या. त्यातली ही. पाठ जरा जास्तच उंच आहे.”

त्यांनी खुर्ची उतरवून दुकानात, शेवया वाळवायच्या काठ्यांच्या शेजारी ठेवली आणि तिला दोनदा इकडून तिकडं ढकलून पाहिलं.

“थांब,” पेइ-रुंग बसायला पुढं झाली तेव्हा ते म्हणाले. “आधी बघतो, मजबूत आहे का.”

ते बसले. पँटला पहाटेचं पीठ होतं, ते काळ्या गादीवर उमटलं. त्यांनी हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, आणि जरा बिचकतच पाठ मागे टेकली. खुर्ची करकरली, पण राहिली.

“आहे ना मजबूत?” पेइ-रुंगनं विचारलं.

“बघतोय अजून,” आपा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

आतून आबूनं हाक मारली, मग आकोनं. आपा उठले नाहीत. तीन वाजायला चार मिनिटं होती. त्यांना उठवायचं पेइ-रुंगच्या जिवावर आलं. तिनं खुर्चीच्या उंच पाठीवर एक हात टेकवला, दुसऱ्या हातानं फोन काढला, आणि संपादक बाईंना होकार कळवला, उभ्यानंच.